तोंडानें श्वास घेणारें मूल

आपल्याकडील भरल्या घरांत लहान मुलांवर लक्ष ठेवणाऱ्यांची वाण नसते. आजी, आई, काकू, आत्या, थोरल्या बहिणी अशीं अनेक माणसें मुलाच्या खाण्यापिण्याकडे, झोपेकडे आणि अभ्यासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. तरीहि एक गोष्ट पुष्कळदां सर्वांच्या नजरेसमोर असून कोणाच्याच लक्षांत येत नाहीं. ती म्हणजे मूल श्वास नाकानें घेतें कीं तोंडानें, ही होय.

मूल दिवसभर आ वासून बसतें, रात्रीं घोरतें आणि हांक मारली तर तिसऱ्या हांकेला ओ देतें. ह्या तीन गोष्टींना घरांत तीन निरनिराळीं स्पष्टीकरणें मिळतात. तोंड उघडें राहणें ही वाईट संवय, म्हणून "तोंड मीट" असें दिवसांतून दहा वेळां बजावलें जातें. घोरण्याबद्दल तर, "आजोबांच्या वळणावर गेला हो," म्हणून कौतुकच होतें. आणि हांकेला ओ न देणें हा हट्टीपणा तरी ठरतो, नाहीं तर मठ्ठपणा. वस्तुतः ह्या तिन्ही गोष्टींचें मूळ एकाच जागीं असूं शकतें, आणि ती जागा नाकाच्या पाठीमागें, आपल्या नजरेआड असते. तेथें वाढणाऱ्या गांठीला डॉक्टर ॲडिनॉइड म्हणतात. तिची नीट ओळख प्रत्येक घराला असावी, म्हणजे मुलाला निष्कारण बसणारीं बोलणीं टळतील आणि निष्कारण होणारी शस्त्रक्रियाहि टळेल, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

ही गांठ असते कोठें?

मुलाला उजेडासमोर उभें करून तोंड उघडावयास सांगितलें तर मध्यें लोंबणारी पडजीभ दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांस टॉन्सिल दिसतात. ॲडिनॉइड मात्र असा दिसत नाहीं. पडजीभ ज्या मऊ टाळूला लोंबते, त्या टाळूच्या पडद्यामागें वरच्या बाजूस, नाकाचे दोन्ही मार्ग जेथें घशास येऊन मिळतात तेथें, मागच्या भिंतीवर हा मऊ मांसल उंचवटा असतो. 'ॲडिनॉइड' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ 'ग्रंथीसारखा' एवढाच आहे.

ही गांठ म्हणजे रोग नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. ती प्रत्येक मुलाला असते. नाकातोंडावाटे आंत शिरणाऱ्या जंतूंची ओळख करून घेऊन शरीराला प्रतिकार शिकविणारी ती एक चौकीच आहे. जन्मतः ती लहान असते. पहिल्या कांहीं वर्षांत मुलाची जंतूंशीं नवी नवी गांठ पडत असते, तेव्हां ती वाढते, आणि साधारणतः ३ ते ७ वर्षांच्या वयांत नाकामागच्या जागेच्या मानानें सर्वांत मोठी असते. पुढें मुलाचा चेहरा वाढतो, ती मात्र आक्रसत जाते, आणि तारुण्यांत बहुतेकांच्या ठिकाणीं तिचा मागमूसहि फारसा उरत नाहीं.

तेव्हां "गांठ मोठी आहे" एवढ्या शब्दांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. ती किती मोठी आहे ह्यापेक्षां ती कोणती वाट अडविते, हें पाहणें अधिक महत्त्वाचें. तिच्या शेजारून दोन वाटा जातात. एक नाकांतून घशांत उतरणारी हवेची वाट. दुसरी म्हणजे ह्याच भागापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी बारीक नळी. सोळाव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नांवावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. पहिली वाट अडली कीं श्वास आणि झोप बिघडते. दुसरी अडली कीं ऐकणें बिघडतें.

कोपनहेगनचे डॉक्टर मेयर

ह्या गांठीचें महत्त्व वैद्यकजगताच्या ध्यानांत आणून दिलें तें डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनीं. ह्या विषयावरील त्यांचा निबंध १८६८ सालीं प्रसिद्ध झाला. कमी ऐकूं येतें म्हणून येणाऱ्या कित्येक रोग्यांचें बोलणें बद्द येई, तोंड सदा उघडें राही, आणि नुसता कान तपासून त्याचा उलगडा होत नसे. मेयर यांनीं तोंडावाटे बोट घालून टाळूच्या पडद्यामागें वर चांचपून पाहिलें, तों नाकाची मागील वाट मऊ वाढीनें भरून गेलेली हातास लागली. ती काढण्यासाठीं त्यांनीं टोंकास लहानसें धारदार कडें असलेलें हत्यार तयार केलें. हें हत्यार नाकांतून आंत न्यावयाचें आणि तोंडांतल्या बोटाच्या अंदाजानें गांठ खरवडून काढावयाची, अशी त्यांची रीत होती. मेयर १८९५ सालीं वारले. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८९८ सालीं, निरनिराळ्या देशांतून जमलेल्या वर्गणींतून कोपनहेगन येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

आज हत्यारें बदललीं, रीतहि बदलली. परंतु मेयर यांच्या शोधापासून घ्यावयाचा धडा जुना झालेला नाहीं. मुलाच्या बुद्धीविषयीं निवाडा देण्यापूर्वीं त्याचें नाक आणि कान तपासून घ्यावे, हा तो धडा होय.

घरांतल्या माणसांनीं काय पाहावें?

बोलण्याची परीक्षा आपल्या भाषेंत फार सोपी आहे. म, न, ण हीं अनुनासिकें उच्चारतांना हवा नाकांतून जावी लागते. ती वाट बंद असली म्हणजे 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द'. एकत्र कुटुंबांत तर नात्यांच्या शब्दांनींच ही परीक्षा होते. मूल 'मामा' म्हणूं जातें आणि 'बाबा' असें ऐकूं येतें. 'नाना'ला हांक मारावी तर 'दादा' ओ देतो! सर्दींत दोनचार दिवस असें होणें स्वाभाविक आहे. सर्दी नसतांहि महिनोन् महिने असें होत असेल तर नाकाची वाट तपासलीच पाहिजे.

दुसरी परीक्षा झोपेची. हें काम मुलाजवळ निजणाऱ्या आईचें किंवा आजीचें. सर्दी-पडशाचे दिवस सोडूनहि मूल बहुतेक रोज घोरतें काय? मान मागें टाकून, तोंड उघडें ठेवून, अंथरुणभर लोळत निजतें काय? घोरतां घोरतां मध्येंच निःशब्द होऊन, कांहीं क्षणांनीं दचकून मोठा श्वास घेतें काय? हें शेवटचें लक्षण सर्वांत महत्त्वाचें होय. त्या निःशब्द क्षणांत छाती-पोट हलत असतें, पण हवा आंत जात नसते. अशा मुलाची झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांनीं होते. सकाळीं तें चिडचिडें उठतें, डोकें दुखतें म्हणतें, वर्गांत पेंगतें किंवा उलट क्षणभरहि स्वस्थ बसत नाहीं. बंद झालेलें अंथरूण ओलें करणें पुन्हां सुरूं झालें, किंवा खाऊनपिऊन अंगीं लागेनासें झालें, तर त्याचाहि संबंध कधीं कधीं ह्या अडलेल्या श्वासाशीं असतो. झोपेंत श्वास अडतांना मूल काळेंनिळें पडत असेल, किंवा जागेपणींहि श्वास घेतांना छाती आंत ओढली जात असेल, तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टरांकडे न्यावें.

तिसरी परीक्षा कानाची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत उपेक्षित आहे. युस्टेशियन नलिका नीट काम करीनाशी झाली म्हणजे मध्यकर्णांत हवेऐवजीं चिकट द्रव सांचून राहतो. कान दुखत नाहीं, वाहत नाहीं, ताप येत नाहीं. फक्त सारें जग कानांत कापूस घालून ऐकल्यासारखें दूर जातें. हा दोष कांहीं दिवस अधिक, कांहीं दिवस कमी असतो. त्यामुळें, "मनांत असलें म्हणजे बरोबर ऐकूं येतें," असा आरोप करावयास घरच्यांना चांगलीच जागा सांपडते. मुलाला आपल्याला कमी ऐकूं येतें हें सांगतां येत नाहीं, कारण इतरांना किती ऐकूं येतें हें त्याला कोठें ठाऊक असतें? तें दूरचित्रवाणीच्या अगदीं जवळ जाऊन बसतें, शुद्धलेखनांत नको ते शब्द लिहितें, आणि मागल्या बाकावर बसत असेल तर वर्षअखेर मागल्याच नंबरावर राहतें. मुलाच्या पाठीमागें हातभर अंतरावर उभें राहून, एकेक कान झांकून, हलक्या कुजबुजीनें दोनचार ओळखीचे शब्द उच्चारावे आणि ते परत म्हणावयास सांगावे. वारंवार चुकूं लागलें तर कानाची रीतसर तपासणी करून घ्यावी. बोलावयास उशीर लागलेल्या मुलाच्या बाबतींत तर ही तपासणी आधीं आणि चर्चा मागून.

सदा उघडें तोंड, आखूड वरचा ओठ, पुढें आलेले दांत, अरुंद उंच टाळू आणि लांबट चेहरा असें ह्या मुलांचें एक वर्णन पुस्तकांत आढळतें. तें खरें असलें तरी केवळ चेहरा पाहून निदान करूं नये. कित्येक कुटुंबांची चेहऱ्याची ठेवणच तशी असते.

प्रत्येक चोंदलेलें नाक ह्या गांठीमुळें नव्हे

नाक चोंदण्याचीं कारणें अनेक आहेत. सकाळीं उठल्याबरोबर शिंकांची माळ लागत असेल, नाक व डोळे खाजत असतील, तर बहुधा ती वावडें असल्याची खूण होय. धूळ, ओल आलेल्या भिंतींवरील बुरशी, गाद्यांतील सूक्ष्म किडे आणि घरांतील धूर हे तिचे नेहमींचे धनी. डासांच्या अगरबत्त्या, विडीसिगारेट आणि बंद देवघरांतील उदबत्त्या ह्या धुरांत मुलाला निजवूं वा बसवूं नये. एकाच नाकपुडींतून घाणेरडा वास येणारा शेंबूड वाहत असेल तर मुलानें आंत चिंचोका, मणी किंवा हरभऱ्याचा दाणा घातला आहे असें समजून आधीं तेंच पाहवून घ्यावें. घरीं चिमट्यानें काढूं जाऊं नये, तो आणखी आंत जातो. आणि वयांत येणाऱ्या मुलाचें नाक एका बाजूनें बंद राहून वारंवार घोळणा फुटत असेल, तर ती ॲडिनॉइडची गोष्ट समजून स्वस्थ बसणें धोक्याचें आहे. त्या वयाच्या मुलग्यांत नाकामागें रक्तवाहिन्यांनीं भरलेली निराळीच गांठ होऊं शकते.

हा सर्व भेद करण्यासाठीं आज डॉक्टरांपाशीं उत्तम साधनें आहेत. टोंकास दिवा व भिंग असलेली बारीक लवचीक नळी नाकांतून घालून गांठ प्रत्यक्ष पाहतां येते. मानेच्या बाजूनें घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत तिची सावली दिसते. कानाच्या पडद्यामागें द्रव आहे कीं नाहीं हें एका साध्या, न दुखणाऱ्या यंत्रानें कांहीं मिनिटांत कळतें. झोपेंत श्वास कितीदां अडतो ह्याची शंका असल्यास रात्रभराची झोपेची तपासणीहि करतां येते.

आधीं धीर, मग औषध

ज्या मुलाला केवळ नाक चोंदण्याचा त्रास आहे, जें रात्रीं नीट झोंपतें आणि ज्याचे कान शाबूत आहेत, त्याच्या बाबतींत वाट पाहणें हाच पहिला उपाय. वय हें ह्या गांठीवरील रामबाण औषध आहे. मध्यंतरीं मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा फवारा यांनीं नाक स्वच्छ ठेवावें. नाकांत मारावयाचे स्टेरॉइड जातीचे फवारे डॉक्टर कांहीं आठवड्यांसाठीं देतात. त्यांच्या नांवानें पुष्कळजण दचकतात, परंतु योग्य मात्रेंत ते बहुतांशीं नाकापुरतेच काम करतात, आणि त्यांनीं कित्येक मुलांची गांठ व सूज कमी होते. नाक तत्काळ मोकळें करणारे दुकानांतील थेंब मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून घालूं नयेत. ते बरेच दिवस चालू ठेवले तर नाक उलट अधिकच चोंदतें. जंतुनाशक औषधें गांठीचा आकार पाहून द्यावयाचीं नसतात. प्रत्यक्ष जंतुदोष असेल तरच तीं द्यावयाचीं.

येथें घरांतील वडील बायकांना एक नम्र विनंति. बाळाला न्हाऊं घालतांना नाकांत तेल सोडण्याची जुनी चाल प्रेमाची असली तरी निर्धोक नाहीं. तें तेल श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरून तेथें सूज आणल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. तान्ह्या बाळाच्या नाकाशीं कापूर चोळणेंहि तसेंच टाळावें.

शस्त्रक्रिया केव्हां करावी?

ह्या प्रश्नावर वैद्यकाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मेयर यांच्यानंतरच्या काळांत टॉन्सिल व ॲडिनॉइड काढण्याची पाश्चात्य देशांत जणूं साथच आली. १९३४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत न्यूयॉर्कमधील ११ वर्षांचीं १००० शाळकरी मुलें तपासण्यांत आलीं. त्यांपैकीं शेंकडा ६१ मुलांचे टॉन्सिल आधींच काढून झाले होते. उरलेल्यांस डॉक्टरांकडून तपासविलें तेव्हां त्यांतील शेंकडा ४५ जणांना शस्त्रक्रिया सुचविली गेली. जीं मुलें निर्दोष ठरलीं तींच दुसऱ्या डॉक्टरांपुढें नेलीं, तों त्यांतूनहि शेंकडा ४६ निवडलीं गेलीं. पुन्हां उरलेल्यांतून तिसऱ्या वेळीं शेंकडा ४४! अखेर ज्यांना कोणींच शस्त्रक्रिया सांगितली नाहीं अशीं अवघीं ६५ मुलें शिल्लक राहिलीं. टॉन्सिल पाहिला कीं काढावासा वाटणें, ही त्या काळीं एक दृष्टीच बनून गेली होती.

पुढें ह्या विषयाचा कस लागला. २०११ सालीं नेदरलंड्समध्यें वारंवार सर्दी-खोकला होणारीं १ ते ६ वर्षांचीं १११ मुलें घेऊन परीक्षा झाली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें कांहींचे ॲडिनॉइड काढले, कांहींवर नुसतें लक्ष ठेवलें. सर्दी-खोकल्याच्या बाबतींत शस्त्रक्रियेचा कांहींच अधिक लाभ दिसून आला नाहीं. म्हणजे "सारखें नाक वाहतें" एवढ्याच कारणासाठीं घाईनें शस्त्रक्रिया करूं नये.

झोपेंत श्वास अडणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. २०१३ सालीं अमेरिकेंतून अशा ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. कांहींचे ॲडिनॉइड व टॉन्सिल लवकर काढले, बाकीच्यांना देखरेखीखालीं ठेवलें. सात महिन्यांनीं पाहतां शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७९ मुलांची झोपेची तपासणी निर्दोष आली, तर नुसती वाट पाहिलेल्यांपैकीं शेंकडा ४६ मुलांची. लक्ष देण्याच्या लेखी-तोंडी चांचणींत दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाहीं. परंतु झोप, वागणूक आणि एकंदर स्वास्थ्य ह्या बाबतींत शस्त्रक्रिया झालेलीं मुलें स्पष्टपणें सरस ठरलीं. ह्याचा अर्थ दोन्ही पक्षांनीं लक्षांत घ्यावा. सौम्य त्रास असलेलीं पुष्कळ मुलें आपोआप बरीं होतात हें जितकें खरें, तितकेंच त्रास जास्त असतां वाट पाहण्यांत मुलाचें सुख वायां जातें हेंहि खरें.

सारांश, झोपेंत श्वास अडणें, औषधांना न जुमानणारा नाकाचा पूर्ण अडथळा, आणि मध्यकर्णांत द्रव कित्येक महिने राहून ऐकण्यांत पडलेला दोष, हीं शस्त्रक्रियेचा विचार करण्याचीं मुख्य कारणें. कानाच्या दोषांत पुष्कळदां त्याच वेळीं पडद्यांत हवा खेळावी म्हणून एक चिमुकली नळी बसवितात. मुलाची पडजीभ दुभंगलेली असेल, किंवा टाळूला चीर असेल, तर तें डॉक्टरांच्या आधींच नजरेस आणावें. अशा मुलाची गांठ काढल्यास बोलणें उलट अति नाकांतलें होऊं शकतें.

प्रतिकारशक्ति जाते काय, हा आजोबांचा नेहमींचा प्रश्न. ही एक चौकी गेली तरी शरीरांत अशा अनेक चौक्या आहेत, त्यामुळें बहुतेक मुलांना तिची उणीव भासत नाहीं. मात्र २०१८ सालीं डेन्मार्कमधील सुमारें १२ लाख मुलांच्या नोंदींवरून असें दिसलें, कीं बालपणीं ह्या गांठी काढलेल्यांत पुढील आयुष्यांत श्वसनाचे व वावड्याचे कांहीं विकार थोडे अधिक होते. ते त्या शस्त्रक्रियेमुळेंच झाले असें अशा नोंदींवरून सिद्ध होत नाहीं. परंतु जरूर असल्यावांचून काढूं नये, ह्या मताला त्यामुळें बळकटीच येते.

तो दिवस

शस्त्रक्रिया ठरलीच तर ती मुलाला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे करतात. बाहेरून कोठेंहि छेद नसतो, आणि काम बहुधा अर्ध्या तासाच्या आंत आटोपतें. भुलेपूर्वीं पोट रिकामें ठेवण्याविषयीं डॉक्टर जी वेळ सांगतील ती घरांतल्या प्रत्येकानें पाळावी. "लेंकरूं भुकेलें आहे," म्हणून कोणीं कळवळून दिलेलें वाटीभर दूध भुलेंत वर येऊन श्वासनलिकेंत जाऊं शकतें. हलणारा दांत, घराण्यांतील रक्त न थांबण्याची खोड, नुकताच येऊन गेलेला ताप ह्या गोष्टी आठवणीनें सांगाव्या. घरीं आल्यावर कांहीं दिवस तोंडाला वास येणें, कान ठणकणें, बोलण्याचा ढंग बदलणें हें चालावयाचेंच. मात्र ताजें लाल रक्त येऊं लागलें, किंवा मूल वारंवार कांहींतरी गिळतांना दिसलें, तर ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. आणि फार लहान वयांत काढलेली गांठ क्वचित् पुन्हां वाढते, ह्यांत कोणाचा हलगर्जीपणा नसतो.

एकत्र कुटुंबांत सल्ला देणारीं तोंडें दहा असतात. त्यांतून एकाच्या हट्टानें शस्त्रक्रिया होऊं नये, तशीच दुसऱ्याच्या भीतीनें ती टळूंहि नये. मुलाची आठ-पंधरा रात्रींची झोप कोणीतरी नीट पाहून लिहून ठेवावी, कान तपासून घ्यावे, आणि तीं टिपणें घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांपुढें जावें. निर्णय त्या माहितीवर व्हावा. तोंवर एवढें तरी आजपासूनच करतां येईल, कीं त्या मुलाला "तोंड मीट" म्हणून रागें भरावयाचें नाहीं. ज्याचें नाक बंद आहे त्यानें तोंड मिटून श्वास घ्यावा तरी कोठून?